माझ्या वाट्याचा आंबा

दिवाळी अंकात आंब्यावर लिहिणारा माणूस एक तर वेडा असला पाहिजे, नाही तर भित्रा. मी दुसऱ्या वर्गात मोडतो. आज जे लिहिणार आहे ते एप्रिल-मे महिन्यांत लिहिण्याची माझी छाती नाही. त्या दिवसांत उभा महाराष्ट्र कोपरापर्यंत रसाने माखलेला असतो, आणि अशा स्थितीतल्या माणसांशी वाद घालणे शहाणपणाचे नव्हे. आता कसे, हवेत थोडा गारवा आला आहे, आंबा बाजारातून जाऊन चार महिने उलटले आहेत, आणि वाचकांच्या तोंडात चकली आहे. तोंडात चकली असलेल्या माणसाला चटकन प्रत्युत्तर देता येत नाही. तेवढ्या सवडीत सांगून टाकतो.

मला आंबा आवडत नाही.

थांबा, अंक मिटू नका. 'हापूस आवडत नसेल, पायरी आवडत असेल,' असे म्हणून माझी सोडवणूक करू पाहणारे काही दयाळू वाचक असतील. त्यांचे आभार मानून सांगतो, की पायरीही आवडत नाही. केसर नाही, लंगडा नाही, दशहरी नाही, रायवळ नाही. रस नाही, फोड नाही, आंबापोळी नाही, आम्रखंड नाही. कैरी मात्र आवडते. पन्हे मी दोन पेले पितो, आंबेडाळ मागून घेतो, लोणच्यावाचून माझे पान हलत नाही. म्हणजे आंब्याचे माझे सगळे छान जमते, फक्त तो पिकला की आमचे बिनसते. पुष्कळ माणसांच्या बाबतीतही माझा हाच अनुभव आहे. पण तो विषय निराळा.

तसे पाहिले तर जगाला आवडणाऱ्या आणि मला न आवडणाऱ्या गोष्टींची यादी बरीच लांब आहे. पाच दिवसांच्या क्रिकेटच्या सामन्यात मला पाच दिवस कंटाळा येतो, आणि वीस षटकांच्या सामन्यात तेवढाच कंटाळा तीन-साडेतीन तासांत येतो. लोक महाबळेश्वरला जाऊन सूर्यास्त पाहतात. मला तोच सूर्य आमच्या गच्चीवरून मावळलेला चालतो. पण या गोष्टींची समाज क्षमा करतो. क्रिकेट आवडत नाही म्हटले, की 'वाचनाची आवड दिसते' असे म्हणून लोक पुढे जातात. आंबा आवडत नाही म्हटले की कुणी पुढे जात नाही. सगळे थांबतात, आणि माझ्याकडे नीट निरखून पाहतात.

अशा वेळी माणसांचे तीन प्रकार पडतात, हे मी अनुभवाने शिकलो आहे. पहिला प्रकार वैद्याचा. तो आवाज खाली आणून विचारतो, "पित्ताचा त्रास आहे का? की साखर?" मला कसलाही त्रास नाही हे ऐकून त्याची निराशा होते. दुसरा प्रकार प्रचारकाचा. "तुम्ही अजून खरा आंबा खाल्लाच नाही!" असे तो ठासून सांगतो. याचा एक मेव्हणा देवगडला असतो. चार दिवसांनी डझनभर आंबे घरी येतात, आणि पाठोपाठ तो स्वतः निकाल ऐकायला येतो. तिसरा प्रकार रसिकांचा, आणि हा सर्वांत वाईट. हे लोक मिर्झा गालिबची गोष्ट सांगतात. गालिबला आंब्याचे वेड, आणि त्याच्या एका हकीम मित्राला आंबा आवडत नसे. एकदा रस्त्यावर पडलेली आंब्याची साले एका गाढवाने हुंगली आणि तसेच ते पुढे गेले. हकीमसाहेब म्हणाले, पाहा, गाढवसुद्धा आंबा खात नाही. गालिब म्हणाला, खरे आहे, गाढवच आंबा खात नाही. ही गोष्ट मला आजवर किती जणांनी सांगितली असेल त्याची गणती नाही. प्रत्येक सांगणाऱ्याला वाटते, की ती मी प्रथमच ऐकतो आहे. आणि शेवटचे वाक्य बोलताना प्रत्येक जण माझ्या कानांकडे पाहतो.

२०१४ साली युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून भारतातून येणाऱ्या आंब्यावर बंदी घातली, तेव्हा आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळींत सुतकी शांतता पसरली होती. मी मान खाली घालून चालत होतो, तरी एका गृहस्थांनी माझ्याकडे संशयाने पाहिलेच. पुढे २०१५ च्या जानेवारीत बंदी उठवण्याचा निर्णय झाला, तेव्हा याच गृहस्थांनी मला मुद्दाम घरी येऊन बातमी दिली. शत्रुपक्षाला तह कळवावा तशी.

खरे म्हणजे मी आंब्याचा शत्रू नाही. उलट आंब्याविषयी मला चार गोष्टी जास्तच ठाऊक आहेत, कारण जे खाता येत नाही त्याची निदान माहिती तरी असावी, असे मला वाटत आले आहे. हापूस हे नाव १५१० साली गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कच्या नावावरून पडले, असे सांगतात. पोर्तुगीजांच्या अमदानीत गोव्यात कलमे बांधण्याची कला वाढीस लागली, आणि एरवी कोयीगणिक निराळा निपजणारा आंबा झाडामागून झाड एकसारखा मिळू लागला. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकनही मिळाले. आंबा, काजू आणि बिब्बा ही तिन्ही एकाच कुळातली भावंडे आहेत, हे सांगितले की आंब्याचे भक्त दचकतात. पण देठाचा चीक ओठाला लागून ज्याचे ओठ उतले आहेत, त्याला ते नाते पटकन पटते. वरून सोन्यासारखा दिसणारा हापूस कापल्यावर आत पांढरट, बेचव निघतो, त्याला साका म्हणतात, आणि तो बाहेरून ओळखता येत नाही, हेही मला ठाऊक आहे. फक्त चव ठाऊक नाही. म्हणजे जी चव तुम्हांला ठाऊक आहे, ती ठाऊक नाही.

मला पिकलेल्या आंब्याचा वास रंगवाल्याच्या डब्यासारखा येतो. हा माझा तिरसटपणा नव्हे. आंब्याच्या सुगंधात टर्पीन नावाच्या गटातली द्रव्ये असतात, आणि रंगात मिसळायच्या टर्पेंटाइनमध्ये त्याच गटातली द्रव्ये असतात. तुमच्या नाकाला त्या मिश्रणातला मध सापडतो, माझ्या नाकाला टर्पेंटाइन सापडते. १९३१ साली आर्थर फॉक्स नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एका पदार्थाची पूड हवेत उडाली. शेजारी काम करणारा सहकारी म्हणाला, काय कडू आहे हो! फॉक्सच्या जिभेला कसलीच चव लागली नाही. दोघांत वाद झाला, मग इतरांना चाखवून पाहिले, तेव्हा काहींना कडू आणि काहींना बेचव असे दोन तट पडले. ही गोष्ट रक्तातून, आईबापांकडून येते, असे पुढे सिद्ध झाले. पूड एकच, जिभा दोन. त्यात कुणी खोटे बोलत नव्हते. हा दाखला मी प्रचारकांना देत असे. ते शांतपणे ऐकून घेत, आणि म्हणत, "ते राहू द्या, ही एक फोड खाऊन पाहा."

पण आज मला जे सांगायचे आहे ते जिभेविषयी नाही. ते वाट्याविषयी आहे.

माझे लहानपण गिरगावातल्या एका चाळीत, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात गेले. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते एका कचेरीत हिशेबनीस होते. वर्षाला एक पेटी हापूस घरात यायची. मे महिना निम्मा सरला, भाव जरा उतरला, की अण्णा एका संध्याकाळी हमालाच्या डोक्यावर पेटी देऊन त्याच्यामागून जिना चढत येत. त्या दिवशी त्यांची चाल निराळी असे. पेटीच्या फळ्यांचे खिळे ते स्वतः काढत, आणि सरळ करून डबीत ठेवत. मग पेंढा पसरून खाटेखाली आढी लागे. रोज रात्री जेवणानंतर अण्णा गुडघे टेकून खाटेखाली वाकत, एकेक फळ हुंगत, दाबून पाहत, आणि दुसऱ्या दिवसाचे आंबे वेगळे काढत. हिशेबनीसच ते, मोजून सहा काढत. आजी, ते स्वतः, ताई, मी आणि दोघे धाकटे भाऊ, असे सहा.

वाचकांच्या लक्षात आले असेल, की यात आई नाही. आमच्या कुणाच्याही लक्षात ते आले नव्हते. अण्णा वाईट नव्हते; पानावर बसणारी माणसे मोजायची, हा त्या काळचा घरोघरचा हिशेब होता. आई वाढायला असे, आणि मागाहून जेवत असे. तिच्यासाठी कोयी असत, सालपटे असत, आणि 'मला मेलं कोयच आवडते' हे वाक्य असे.

मी सात-आठ वर्षांचा असेन. आंबा तोंडात घातला की मला मळमळे. पण समोर अण्णा बसलेले असत. या पेटीसाठी ते कित्येक दिवस ट्रामचे पैसे वाचवून पायी घरी येत, हे मला ठाऊक होते. आम्ही पहिला घास घेतला की ते जेवायचे थांबून आमच्या तोंडांकडे पाहत. त्या नजरेपुढे 'मला आवडत नाही' हे शब्द उच्चारणे मला कधीच जमले नाही. मी म्हणायचो, "मला आत्ता नको, मग खाईन." आई लगेच माझ्या पानातला आंबा उचलून म्हणायची, "राहू दे. ठेवते झाकून. संध्याकाळी होईल धाकट्यांना."

दोन-चार दिवस हे झाल्यावर आजीने निकाल दिला, "पोर गुणाचं आहे हो! भावंडांसाठी तोंडातला घास काढून ठेवतो." झाले! चार दिवसांत माझी कीर्ती मजल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी आपल्या मुलाला माझे उदाहरण देऊन दोन रट्टे दिले. अण्णा काही बोलले नाहीत. पण एकदा माझ्या डोक्यावर हात ठेवून थोडा वेळ तसेच उभे राहिले. मी खरे सांगायला हवे होते. पण फुकट मिळालेली कीर्ती परत करणारा माणूस मी मोठेपणीही पाहिलेला नाही, तेव्हा तर मी आठ वर्षांचा होतो. अशी पाच-सात वर्षे मी त्यागमूर्ती म्हणून काढली.

ही माझी पहिली लबाडी. ती न बोलण्याची होती. दुसरी लबाडी मी तोंडाने केली, आणि ती जास्त महागात पडली.

१९७४ साली माझे लग्न झाले. सासुरवाडी रत्नागिरीजवळच्या एका गावी. सासरे निवृत्त शिक्षक, आणि घरामागे हापूसची चाळीस कलमे. लग्नानंतर पहिल्याच मे महिन्यात आम्ही दोघे तिकडे गेलो. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. ती पुरती सुरू व्हायला १९९८ साल उजाडावे लागले. रात्रभर एस.टी.त हाडे खिळखिळी करून पोहोचलो, आंघोळी झाल्या, पाने मांडली गेली. सासूबाईंनी पुऱ्या वाढल्या, आणि मोठी वाटी काठोकाठ रसाने भरून माझ्यापुढे ठेवली. वरून तूप, चिमूटभर मिरपूड. दाराच्या चौकटीला धरून मेव्हण्या उभ्या होत्या. सासरे म्हणाले, "जावईबापू, आपल्या घरचा आहे. संकोच नको."

मी श्वास रोखून एक घोट घेतला आणि म्हणालो, "छान आहे."

वाचकहो, मराठी भाषेत 'छान आहे' यासारखे महाग वाक्य दुसरे नाही. त्या दिवशी ते मला सहा वाट्यांना पडले. सातवी वाटी येण्याआधी मी पाटावरून उठलो तो परसात गेलो, आणि त्यानंतर काय झाले ते दिवाळीच्या अंकात सांगण्यासारखे नाही. परत आलो तेव्हा सासरे कुणाला तरी मोठ्या समाधानाने सांगत होते, "माणूस दर्दी आहे. सहा वाट्या! एक शब्द न बोलता."

त्या वर्षापासून दर उन्हाळ्यात माझ्या नावाने पेटी येऊ लागली. पेटीवर सासऱ्यांच्या वळणदार अक्षरात माझे नाव असे. आणि त्या पेटीतला सर्वांत देखणा आंबा हिने माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलेला असे. संध्याकाळी मी कचेरीतून आलो, की बशीत फोडी नेटक्या मांडून ही समोर ठेवी, आणि अण्णा पाहत तशी माझ्या तोंडाकडे पाही. मी फोडी न चावता गिळायला शिकलो, बशी घेऊन गॅलरीत जायला शिकलो, मुलांना खुणेने बोलावून अर्ध्या फोडी वाटायला शिकलो. मोसमातला पहिला आंबा मला, आणि शेवटचा चांगला राहिलेलाही मला. असे एक नव्हे, दोन नव्हे, बावीस उन्हाळे गेले.

अण्णा १९७९ सालीच गेले होते. त्यानंतर आई आमच्याकडेच असे. १९९६ च्या मे महिन्यातली एक दुपार मला अजून डोळ्यांपुढे दिसते. सुट्टीचा दिवस होता, मुले जेवून बाहेर गेली होती, आणि मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. ही ओट्याशी उभी राहून कोय चोखत होती. मला पाहून हसली, हात धुतले, आणि कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली. आई कोपऱ्यात खुर्चीवर भाजी निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "काय रे, तुला अजून आंबा आवडत नाही ना?"

भांडे माझ्या ओठांशी तसेच राहिले. मी म्हटले, "तुला कधी कळलं?"

"तू पहिल्यांदा तोंडात घातलास तेव्हाच. आईला कळत नाही होय?"

"मग अण्णांना का सांगितलं नाहीस? माझी सुटका झाली असती."

आईने भाजीची काडी मोडली, बाजूला ठेवली, आणि म्हणाली, "तुझ्या वाट्याचा मी खात होते."

मला प्रथम काही कळेना. मग ती सावकाश, एकेक काडी निवडत, सांगत गेली. "सगळे जेवून उठलात, की आतलं दार पुढे करून मी बसायचे. अख्खा आंबा. माहेरी असताना खाल्ला होता, त्यानंतर तोच. धाकट्यांना वाटायचं ताईला दिला, ताईला वाटायचं धाकट्यांना दिला. तुझ्या अण्णांना सांगितलं असतं, की याला आवडत नाही, तर त्यांनी दुसऱ्या दिवसापासून सहाच्या जागी पाच काढले असते. हिशेबी माणूस. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं रे. मी मागितला असता तर स्वतःचा दिला असता. पण मागायचा कसा?"

आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प होतो. मग तिने गॅलरीकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "तुझं नावडणं मला मिळालं. पण तुझं हे खोटं आवडणं तिचं काढून घेतंय. बावीस वर्षं बघते आहे मी. पेटीतला चांगला तुला, मग मुलांना, आणि ती ओट्याशी उभी. माझं आयुष्य गेलं कोयी चोखण्यात, तिचं कशाला घालवतोस? सांगून टाक."

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी हिला सांगितले. मला वाटले होते, ती हसेल. ती हसली नाही. बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली, आणि म्हणाली, "बावीस वर्षं तुम्ही माझ्यासमोर आवडीचं तोंड करून बसलात?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून—"

"आंब्याचं नाही हो मला काही. आणखी कशाकशाला तुम्ही असं तोंड केलंत, ते सांगा."

वाचकांतले जे विवाहित असतील त्यांना या प्रश्नाचे गांभीर्य समजावून सांगण्याची गरज नाही. संसारात एक खोटे उघडे पडले, की शेजारची सगळी खरी नाणीसुद्धा वाजवून पाहिली जातात. मी शपथा घेतल्या. शंकरपाळ्यांची घेतली, तिच्या हातच्या आमटीची घेतली. ती गप्पच. शेवटी फार वेळाने म्हणाली, "मग मलाही एक सांगायचं आहे. दर रविवारी सकाळी तुम्ही ती नाट्यसंगीताची कॅसेट लावता ना, तिनं माझं डोकं दुखतं."

मी चाटच पडलो. "अगं, पण तूच तर म्हणालीस लग्नानंतर, की छान आहे!"

"हो," ती म्हणाली, "छान आहे म्हणाले खरी."

मग मात्र आम्ही दोघेही हसलो, इतके, की पलीकडच्या खोलीतून आईने विचारले, "सांगितलंस का रे?"

पुढच्या रविवारी घरात विलक्षण शांतता होती. आता मी माझी गाणी दार लावून, आवाज लहान करून ऐकतो, आणि खरे सांगायचे तर जास्त चांगली ऐकतो. कारण पूर्वी माझे अर्धे लक्ष गाण्याकडे आणि अर्धे हिच्या चेहऱ्याकडे असे. त्या उन्हाळ्यापासून आमच्या घरी आणखी एक नियम झाला. आंबा असेल त्या दिवशी सगळ्यांनी एकदम पानावर बसायचे, आणि कोय कुणी चोखायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचे.

सासऱ्यांना मात्र आम्ही कळवले नाही. मी कळवणार होतो. अंगात नुकताच सत्यवादीपणा संचारला होता. पण ही म्हणाली, "बाबांना नका सांगू. त्यांनी काय कुणाचं घेतलंय?" तिचे म्हणणे बरोबर होते. पेटीवर माझे नाव घालताना त्यांना जो आनंद होत असेल, तो काढून घेऊन मी कुणाच्या पानात काय वाढणार होतो? ते होते तोवर दर उन्हाळ्यात पेटी येत राहिली, आणि पोहोचल्याच्या पत्रात मी न चुकता लिहीत राहिलो, की यंदाचा आंबा फार छान निघाला. हिच्याकडून ऐकलेली बातमी होती, खोटी नव्हती.

आपल्या नावडीविषयी माझे एवढेच शहाणपण आहे, आणि ते मला पुस्तकांतून मिळालेले नाही. पूर्वी मला वाटे, की नावड ही एक तर लपवायची गोष्ट आहे, नाही तर मिरवायची. मिरवणारेही मी पुष्कळ पाहिले आहेत. जगाला जे आवडते ते आपल्याला आवडत नाही, याचेच त्यांना मोठे कौतुक असते. आता मी एवढेच पाहतो, की माझ्या या नावडीने कुणाला काही मिळते आहे, की माझ्या खोट्या आवडीने कुणाचे काही जाते आहे. जात असेल तर सांगून टाकावे, जात नसेल तर लोकांच्या रसात आपले टर्पेंटाइन मिसळू नये.

आई २००३ साली गेली. त्यानंतरच्या प्रत्येक मोसमात मी स्वतः बाजारात जाऊन आंबा आणतो. निवड माझीच असते, आणि ती चांगली असते असे घरचे म्हणतात. ज्याला खायचे नाही त्याला घाई नसते. घरातली माणसे मोजतो, तेव्हा मी स्वतःलाही मोजतो. माझ्या वाट्याचा आंबा आणायचा मी थांबवलेला नाही. तो कुणाला द्यायचा ते मागाहून ठरते, पण तो असावा लागतो. हिशेबनीसाचा मुलगा असूनही एवढी एक चूक मी जाणूनबुजून करतो.

गेल्या दिवाळीची गोष्ट सांगून संपवतो. पहिल्या आंघोळीनंतर सगळी फराळाला बसली होती. आमची आठ वर्षांची नात ताटाकडे पाहून म्हणाली, "मला करंजी नाही आवडत." झाले! तिचा काका म्हणाला, करंजी आवडत नाही असं कधी असतं का? तिची आजी म्हणाली, एक घास खाऊन तर बघ. आजीच्या तोंडून हे ऐकून मी तिच्याकडे नुसते पाहिले. ती ओशाळली आणि गप्प बसली. मी नातीला म्हटले, "बरं, नको खाऊ. पण तुझ्या वाट्याची आहे ती. कुणाला द्यायची?"

तिने करंजी हातात घेतली, आणि ताटावर बसलेल्या सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. मग ती उठली. "आईला देते," ती म्हणाली, "ती अजून बसलीच नाहीये." आणि ती स्वयंपाकघरात गेली. तिथे आमची सून कढईपाशी उभी राहून चकल्या तळत होती.

चकलीवरून आठवले. तुमच्या तोंडातली आता संपली असेल. बोला, काय बोलायचे ते. फक्त ती गालिबची गोष्ट सांगू नका.